मी मौन पाळलं नाही, आपा

नसीम आपा,

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तुमचा फलक लागला आहे. फोटो शाळेच्या निरोप समारंभातला दिसतो. खांद्यावरची शाल नंतर रंगवली आहे. तुमच्या मागे एका बाजूला कळस, दुसऱ्या बाजूला मिनार आणि मधल्या जागेत कबुतरं. खाली ठळक अक्षरांत 'शांतिदूत'. शोकाकुल म्हणून ज्यांची नावं दिली आहेत, त्यांतल्या निम्म्या लोकांशी तुमचं बोलणं बंद होतं.

फलकावरच्या बाईंना मी ओळखत नाही. त्या हसतात, हात जोडून उभ्या आहेत, आणि त्यांना कुणाला काही विचारायचं आहे असं दिसत नाही. मी ओळखत होतो त्या बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका होत्या. शुद्ध मराठी फळ्यावर आणि वऱ्हाडी तोंडात. पाचही वेळा नमाज पढायच्या, भांडायच्या, आणि कबुतरांवर त्यांचा राग होता, कारण गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीत ती उतरायची.

आमच्या पेपरच्या कार्यालयाने पुरवणीसाठी लेख मागितला तेव्हा मथळाही सोबत पाठवला होता. त्यात एक दीप होता आणि तो मालवला होता. लेख देईन, मथळा माझा राहील, असं मी कळवलं. जिवंतपणी तुमच्यावर मथळा घालणं कुणाला जमलं नव्हतं. आता तुम्ही उठून भांडू शकत नाही, एवढ्यासाठी ते करू देणार नाही.

तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट वाचकासाठी सांगतो. सण जवळ आला की ठाण्याच्या सभागृहात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, दोन्हीकडची जाणती माणसं आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहू इच्छिणारे. ठाणेदार नियम वाचून दाखवतात. मग भाषणं होतात. आपलं अकोला शांतताप्रिय आहे, सगळे धर्म एकच शिकवण देतात आणि मागे जे काही घडलं ते बाहेरच्या लोकांनी केलं, हे प्रत्येक भाषणात येतं. मग चहा, मग फोटो. फोटोत ठाणेदार मध्ये, एका हाताला गजाननभाऊ, दुसऱ्या हाताला हाजीसाहेब, तिघांचे हात एकमेकांत गुंफून वर. गजाननभाऊंचं कृषी केंद्र आहे आणि ते गणेश मंडळाचे अध्यक्ष आहेत. हाजीसाहेबांचा लाकडांचा टाल, म्हणजे वखार, आहे आणि ते मशिदीचे विश्वस्त. दोघांची घरं एकाच गल्लीच्या दोन टोकांना. मध्ये तुमचं.

तुम्ही समितीतल्या एकट्या बाई. भाषण कधी केलं नाही. भाषणं संपत आली, चहाची किटली दारात दिसली, की तुमचा हात वर जायचा.

"साहेब, एक विचाराचं होतं. मागच्या बैठकीपासून आजलोक, हे जे दोन्ही बाजूनं बसून हायत, ह्यांच्यातून कोन कोनाच्या घरी गेलं? लग्नाले नाही, निवडणुकीले नाही. असंच. बसाले."

उत्तर कधी आलं नाही. कुणीतरी म्हणायचं, चहा थंड होतो. ठाणेदार बदलत गेले. प्रत्येक नवा ठाणेदार पहिल्या बैठकीत चमकायचा आणि दुसऱ्या बैठकीपासून किटली जरा लवकर मागवायचा. फोटोची वेळ झाली की तुम्ही चपला शोधत असायच्या. फोटो काढला की लोकांना वाटते काम झालं, हे तुमचं कारण.

तुम्ही गेल्याची बातमी मला अमरावतीत, बदलीच्या जागी, कळली. प्रतिक्रिया घेण्यासाठी मी समितीतल्या एका सदस्याला फोन केला. ते छापण्यासारखं चांगलं बोलले. फोन ठेवताना म्हणाले, आता बैठका लवकर आटोपतील. हे वाक्य त्यांनी छापण्यासाठी दिलं नव्हतं. मी नाव न घेता छापतो आहे, कारण तुमच्या जाण्याने नेमकं काय गेलं ते या एका वाक्यात आहे. कबुतरं होती तिथेच आहेत. गेला तो प्रश्न.

*

आपली ओळख बैठकीतच झाली. बातमीदारांची खुर्ची मागच्या रांगेत असते. एकदा तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात आणि माझ्या वहीत डोकावून म्हणालात, "काहून रे पत्रकार, बैठक सुरू व्हाच्या आधीच बातमी लिहून राहिला?" मी म्हणालो, दरवेळी तेच होतं. तुम्ही म्हणालात, मग तू येतोस कशाला, वलगावलेच राह्यना घरी. मी अमरावतीजवळच्या वलगावचा आहे हे तुम्हाला माझ्या बोलण्यावरून कळलं होतं. मग तुम्ही रोज सकाळी पेपर वाचून फोन करू लागलात.

बहुतेक वाद शब्दांवरून. दगडफेक झाली की आम्ही 'दोन गटांत' असं लिहितो, समाजाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते पटत नव्हतं. गट म्हणजे काय, आम्हाला नावं नाहीत का, सगळ्या गावाला माहीत असते अन् तुमच्या पेपरालेच नसते. मी म्हणायचो, नाव छापलं तर दुसऱ्या गावात दगड उचलले जातात. तुम्ही म्हणायच्या, नाव झाकल्यानंही उचलतात, वर अफवा मोफत. हा वाद संपला नाही. माझं मत आजही तेच आहे. तुम्ही गेलात म्हणून तो मुद्दा मी सोडून देणार नाही. तुम्हीही सोडला नसता.

अमरावतीच्या त्या परिषदेची आठवण मात्र वाद न घालता सांगतो. एका महाविद्यालयाने भरवली होती. विषय होता विश्वशांतीत धर्मांची भूमिका. मंचावर प्रत्येक धर्माचा एक प्रतिनिधी, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. प्रत्येकाने आपल्या धर्मात शांतीविषयी काय सांगितलं आहे ते सांगितलं. सगळं खरं होतं आणि सगळं मला आधीच पाठ होतं. तुमची वेळ आली तेव्हा सभागृहातले निम्मे लोक जेवणाच्या रांगेकडे बघत होते. तुम्ही वऱ्हाडी बाजूला ठेवून फळ्यावरच्या मराठीत बोललात.

"प्रत्येकाने आपल्या धर्मातलं चांगलं सांगितलं. आता प्रत्येकाने आपल्या धर्माच्या नावाने आपल्याच माणसांनी केलेली अशी एक गोष्ट सांगावी, जिची आपल्याला लाज वाटते. मी सुरुवात करते. आमच्या गल्लीत दगड पडले तेव्हा आमच्या बाजूने मारणाऱ्यांत बाहेरचं कोणी नव्हतं. दगड आमच्याच एका बांधकामाच्या ढिगातले होते आणि मारणाऱ्यांतले काही माझ्या वर्गात शिकलेले होते. त्यांना मी ओळखलं, त्यांनी मला ओळखलं. आता पुढच्यांनी सांगावं."

पुढचं कोणी सांगितलं नाही. अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली, आभार झाले, स्मृतिचिन्हं वाटली. काचेचा पृथ्वीचा गोल, त्याला धरणारे दोन हात.

मी तुमचं बोलणं बातमीत दिलं. तुमच्या बाजूच्या लोकांनी तुम्हाला सलाम करणं बंद केलं. ते अपेक्षित होतं. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्या बातमीचं कात्रण व्हॉट्सॲपवर फिरवलं, बघा, यांचीच बाई कबूल करते. त्याने तुम्ही जास्त चिडलात. फोनवर म्हणालात, "त्यांनी त्यांची गोष्ट नाही सांगितली. माहीच उचलून घेतली." मी विचारलं, छापायला नको होतं का? तुम्ही म्हणालात, छापलं ते बरं केलं, वाचणारे कच्चे निघाले.

परिषदेहून आपण एसटीने परत आलो. मूर्तिजापूरपर्यंत तुम्ही बोललात आणि पुढे मी. माझं म्हणणं सरळ होतं. धर्म घराच्या उंबरठ्याच्या आत ठेवावा, रस्त्यावर आणू नये, मग शांततेसाठी परिषदा घ्याव्या लागत नाहीत. तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकलंत आणि म्हणालात, "दगड पडून राह्यले होते त्या दिवशी मले घरातून बाहेर कोनं काढलं, माहीत हाय? भेव तर मलेही होतं. मले वरती जवाब द्याचा हाय, म्हनून निघाली. तुह्या हिशेबानं मी घरातच बसाले पायजे होती."

त्या दिवशी तुम्ही गजाननभाऊंच्या घरी गेला होता. समोरचा रस्ता बंद होता, म्हणून परसातून, मागच्या दाराने. त्यांची आई वत्सलाबाई घरात एकट्या होत्या. दोघींनी दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तुरीची डाळ निवडत बसलात. धर्माविषयी एक शब्द झाला नाही, तुम्ही म्हणालात, डाळीत खडे मात्र लय होते. त्यानंतर तुमचं तिथे जाणं कायमचं सुरू झालं, नेहमी त्याच दाराने, कारण वत्सलाबाई परसातच बसलेल्या असायच्या. तुमचा प्रश्न त्या दिवशी तयार झाला असावा. स्वतः केलेली गोष्टच तुम्ही दुसऱ्याला विचारत होता. भाषणं करणाऱ्यांना ती म्हणूनच टोचत होती.

मी तुम्हाला विचारलं होतं, नमाजात शांती मिळते का. एसटीत, त्याच प्रवासात. प्रश्न थोडा चिमटा काढणारा होता. तुम्ही तो सरळ घेतला. म्हणालात, "नमाजात मले आठवते का आज कोनाशी भांडली, कोनाचं चुकीचं बोलली. शांती मिळाली असती तर मी जानमाजवरून उठलीच नसती. उठून जा लागते कोनाच्या तरी दारात, म्हनून तर नमाज."

आणि मग चिखलदऱ्याचं सांगितलंत. निवृत्त शिक्षकांची सहल गेली होती. तिथे कुणीतरी मनःशांतीचं शिबिर लावलं होतं, तुम्हालाही बसवलं. डोळे मिटा, श्वास पहा, विचार आले तर जाऊ द्या. थंड हवा, दरीतलं धुकं. तुम्हाला फार आवडलं. झोप इतकी छान लागली की शेजारच्या बाईंनी कोपराने जागं केलं. शांतीचं म्हणशील तर ती अकोल्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत टिकली, मग ऑटोवाल्याशी वाजलं. यावर आपण दोघंही हसलो. पण लगेच तुम्ही गंभीर झालात, कारण ती थट्टा तुम्हाला तिथेच संपवायची नव्हती. म्हणालात, आतली शांती खोटी नसते. फक्त ती घरात ठेवायची वस्तू नव्हे. "ज्याच्या आत शांती हाय त्यानंच आधी दुसऱ्याच्या घरी जाव. अशांत मानूस कसा जाईन? थो गेला तर हातात काहीतरी घिऊनच जाईन."

अकोला स्टँडवर तुम्ही उतरलात आणि काचेचा गोल सीटवरच राहिला. कंडक्टर खिडकीतून ओरडला, मावशी, तुमची दुनिया राहिली. तुम्ही मागे वळून म्हणालात, राहू दे बाबू, तूच सांभाळ.

*

तुमची एक चूक लिहायला हवी, नाहीतर फलकावरच्या बाई पुन्हा डोकं वर काढतील.

बैठकीत उत्तर मिळत नाही म्हणून तुम्ही एकदा गजाननभाऊ आणि हाजीसाहेब दोघांना आपल्या घरी बोलावलंत. समोरासमोर बसवून मनातलं बोलायला लावायचं, हा बेत. दोघेही आले. वेळेवर आले. एकाच दिवाणावर बसले. गजाननभाऊंनी हाजीसाहेबांच्या हज यात्रेची चौकशी केली. हाजीसाहेबांनी मंडळाच्या देखाव्याची तारीफ केली. मागे जे झालं ते बाहेरच्या लोकांनी केलं, यावर दोघांचं एकमत झालं. तुम्ही चिवडा ठेवला होता. त्याचीही तारीफ झाली.

ते गेल्याबरोबर तुमचा फोन आला. "दोघंही माह्या घरात बसून खोटं बोलून गेले. अन् चिवडा संपवून गेले."

नंतर तुम्हीच चूक शोधून काढलीत. आपल्याकडे पाहुणा यजमानाच्या घरात भांडत नाही. दिवाणावर बसवलं, ताट ठेवलं, की माणूस गोडच बोलणार. म्हणून पुन्हा कुणाला घरी बोलावलं नाही. प्रश्न विचारायचा तर ठाण्यातच, तिथे कुणी कुणाचा पाहुणा नसतो.

शेवटची भेट तुमच्या घरी झाली. तुम्ही पलंगावर होता, उशाशी औषधं आणि पेपर. दिवाण तोच. बोलणं कमी, दम जास्त लागत होता. गणपती आणि ईद यंदा जवळजवळ येत होते, बैठक होणार होती आणि तुम्ही जाणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. तुम्ही विचारलंत, "मंग आता कोन विचारीन?"

मी म्हणालो, समितीत इतर लोक आहेत. तुम्ही हात हलवून ते उडवून लावलंत. मग मी नेहमीचं उत्तर दिलं. बातमीदाराने बैठकीत बोलायचं नसतं. तो बोलला की तो बातमीचा भाग होतो, मग बातमी कुणी लिहायची? हा नियम मला माझ्या पहिल्या संपादकाने शिकवला, मी नव्या मुलांना शिकवला, आणि तो चांगला नियम आहे.

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "बोलू नको ना. विचार. विचारनं तर तुहं कामच हाय."

पेपर उचलून मी तुम्हाला एक बातमी वाचून दाखवली. हवामानाची होती.

*

बैठक झाली. त्याचा वृत्तांत देतो. तो देण्यासाठीच हे लिहायला बसलो.

अकोल्याच्या बातम्या आता माझ्याकडे नाहीत, दुसरा सहकारी बघतो. मी अमरावतीहून सुटी टाकून गेलो. सुटीवरचा बातमीदार हा बातमीदार असतो की नाही, यावर तुम्ही मला अख्खी सकाळ धुतलं असतं. पळवाट चांगली काढली रे पत्रकार. काढली.

ठाणेदार नवे होते. तुमची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर फोटो ठेवला होता, फलकावरचाच, फुलांसकट. भाषणं झाली. तुमचं नाव प्रत्येक भाषणात आलं. तुम्ही एकतेचं प्रतीक होता, सर्व धर्मांना जोडणारा पूल होता. तुमचा प्रश्न एकाही भाषणात आला नाही. हे मी लक्ष ठेवून ऐकलं. बोलणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं ऐकला होता, विसरणं शक्य नव्हतं. तो सोडला तरच तुमचा पूल करता येत होता.

मग ठाणेदारांनी शोकप्रस्ताव वाचला आणि म्हणाले, त्यांच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून आपण सर्वजण उभं राहून दोन मिनिटं मौन पाळू. सगळे उठले. खुर्च्या सरकल्या. माना खाली जाऊ लागल्या.

मी मागच्या रांगेतून म्हणालो, "साहेब, मौनाआधी आपांचा एक प्रश्न राहिला आहे." ठाणेदारांनी मान वर केली. मी विचारला. तुमच्याच शब्दांत, तुमच्याच बोलीत. मागच्या बैठकीपासून आजलोक कोन कोनाच्या घरी गेलं. लग्नाले नाही, निवडणुकीले नाही. असंच. बसाले.

सगळे उभे होते. बसलेला माणूस मोबाईल बघू शकतो, शेजाऱ्याशी कुजबुजू शकतो. मौनासाठी उभा राहिलेला माणूस यातलं काही करू शकत नाही. किटली अजून आली नव्हती. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

गजाननभाऊ बोलले. "मी नाही गेलो."

मग हाजीसाहेबांकडे न पाहता, "अन् हाजीसाहेबही नाही आले. माही आई वारली तवा कोपऱ्यालोक आले अन् तथूनच परत गेले. मी पाह्यलं. दारात उभा होतो मी."

हाजीसाहेब म्हणाले, "तुमच्या दारात कुत्रं होतं, भाऊ."

"मंग?"

"मंग काय? असरच्या नमाजाची वेळ झालती, मी हातपाय धुवून, वजू करून निघालो होतो. त्यानं आंगावर उडी मारली असती, लाळ लागली असती तं मशिदीत कसा गेलो असतो? अन् मशिदीत सारे बोलत होते का गजाननभाऊनं कुत्रं आमच्यासाठीच आनलं हाय."

"तुमच्यासाठी काहून आनीन? आईले भेव वाटे, म्हनून आनलं होतं."

"भेव कोनाचं?"

बैठकीत या जागी नेहमी एकच उत्तर येतं, तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या लोकांचं. सगळे त्याचीच वाट बघत होते. ठाणेदारसुद्धा.

"तुमचंच," गजाननभाऊ म्हणाले. "दगड पडले तवापासून. बाहेरच्याचं नाही. तुमचंच."

हाजीसाहेबांचा आवाज चढला. मले सांगाचं होतं, समोर येऊन सांगाचं होतं. गजाननभाऊंचाही चढला. कसं सांगाचं, घरी कोनी येऊन राह्यलं होतं काय? मग दगडांचा ढीग निघाला, तो कुणाच्या बांधकामाचा होता ते निघालं, हाजीसाहेबांनी तो आपला असल्याचं सांगितलं. मग मिरवणूक मशिदीसमोर मुद्दाम थांबवल्याचं निघालं, आणि गजाननभाऊंनी मुद्दाम थांबवल्याचं मान्य केलं. कुणीतरी बसलं, मग एकेक करून सगळे बसले. दोघं बोलत राहिले. ठाणेदारांनी दोनदा मध्ये पडायचा प्रयत्न केला आणि मग खुर्चीत मागे टेकले. हवालदार किटली घेऊन दारात आला आणि तसाच उभा राहिला.

मौन पाळलं गेलं नाही. फोटोही निघाला नाही, कारण हात गुंफायला कुणी जागेवर नव्हतं.

आपा, त्या कुत्र्यामुळे कोण परत गेलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. मी हे खात्रीने लिहू शकतो, कारण माहीत असतं तर तुम्ही ते पहिल्याच बैठकीत काढलं असतं. कुत्रं साखळीला बांधलेलं असतं, समोरच्या दारात. एकदा बातमीसाठी गेलो तेव्हा माझ्यावरही भुंकलं होतं आणि मी त्याचा काही विचार केला नाही. तुम्ही इतकी वर्षं त्या घरी गेलात, परसातून गेलात. समोरच्या दारातलं कुत्रं कुणाला अडवतं ते तुम्हाला कधी दिसलंच नाही. ज्या दाराने तुम्ही आत शिरायच्या ते दार हाजीसाहेबांसाठी नव्हतं. आणि वत्सलाबाई तुमच्यासोबत दार लावून डाळ निवडत बसल्या, आणि तुमच्याच लोकांना घाबरून त्यांनी मुलाला कुत्रं आणायला लावलं. दोन्ही खरं आहे. त्यांनी तुम्हाला ते कधी सांगितलं नसेल. तुमच्यापुरतं त्यांना ते खरं वाटत नसेल.

हे ऐकायला तुम्ही असायला हव्या होतात. मला राग त्याचा आहे. तुमच्या मरणाचा नाही, ते येणारच होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. राग याचा, की उत्तर आलं आणि विचारणारी खुर्चीवरच्या फोटोत अडकली होती.

सगळे धर्म एकच सांगतात, हे वाक्य त्या दिवशी भाषणांत अनेकदा आलं. एका वजू केलेल्या माणसाला कुत्र्याची अडचण असते, हे त्या वाक्यात कुठे मावत नाही. ते मावलं नाही म्हणून एक माणूस कोपऱ्यावरून परत गेला आणि दुसऱ्याने ते मनात धरून वर्षानुवर्षं त्याच्यासोबत हात गुंफून फोटो काढले. धर्म एकच आहेत म्हणणाऱ्यांनी ही गल्ली शांत केली नाही, आणि धर्म उंबरठ्याच्या आत ठेवा म्हणणाऱ्या मीही नाही. तुमचं पूर्ण पटलं असं म्हणत नाही. पण जगाच्या शांतीवर आता कुणी मला बोलायला बोलावलं, तर मी आधी त्याच्या शेजाऱ्याच्या दारात काय बांधलेलं आहे ते विचारीन.

दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात बातमी आली. बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. सहकाऱ्याने आधीच लिहून ठेवली असणार. मी त्याला फोन केला नाही. तुम्ही केला असता.

पायऱ्या उतरताना गजाननभाऊ कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, कुत्रं आता मागं बांधाले पायजे. हाजीसाहेब चपला घालत होते. म्हणाले, मागच्या दारानं बाया येतात, तथी बांधू नका. एवढंच. कुणी कुणाला घरी बोलावलं नाही.

अशा लेखाच्या शेवटी एक ओळ असते, आत्म्याला शांती लाभो. ती मी काढली आहे. शांती मिळाली असती तर उठलीच नसती, हे तुमचं बोलणं मी खरं धरून चालतो, आणि तुम्ही जिथे कुठे असाल तिथे उठून कुणाच्या तरी दारात गेला असाल असं समजतो.

हाजीसाहेब गेले की नाही, मला माहीत नाही. नवरात्रीच्या आधी पुन्हा बैठक आहे. मी सुटी टाकली आहे. किटली यायच्या आत विचारीन.